चार स्क्रूंमागचं झाकण

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जुना लॅपटॉप नेला, तर काउंटरवरचा माणूस आधी स्क्रीन उघडत नाही. तो लॅपटॉप पालथा घालतो. पोटाकडच्या बाजूला एखादं छोटं झाकण आहे का, त्याला स्क्रू किती, हे तो पाहतो. झाकण दिसलं की पुढचं बोलणं सरळ होतं: रॅम वाढवून देतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो, डेटा क्लोन करून देतो, तासाभराने या. झाकण नसेल तर मॉडेल नंबर विचारला जातो आणि बऱ्याचदा लॅपटॉप तसाच परत हातात येतो.

हे झाकण आलं कुठून आणि हल्ली नाहीसं का होत चाललंय, ही गोष्ट जेमतेम चाळीस वर्षांची. पण तिची सुरुवात थोडी मागे जाऊन, तीही मुंबईतूनच करता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफरॅक’ हा संगणक चालू झाला. देशातच आखलेला आणि बांधलेला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याचं हे नाव जाहीर केलं. त्याची मेमरी म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या. एक कडी म्हणजे एक बिट. चाळीस बिटांचे २०४८ शब्द त्यात मावत. हिशेब मांडला तर भरतात दहा किलोबाइट. आज दुकानदार दोन बोटांच्या चिमटीत धरतो त्या आठ जीबीच्या एका पट्टीत असे आठ लाखांहून जास्त टिफरॅक बसतील. अर्थात टिफरॅकची मेमरी ‘वाढवून द्या’ म्हणत कोणी आलं नसतं. यंत्र खोलीएवढं, आणि ते बांधणारेच ते वापरणारे.

लॅमिंग्टन रोड त्या काळात वेगळ्याच कारणांनी गजबजलेला होता. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव या रस्त्याला मिळालं. आता पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहावं. इथे मिनर्व्हा, नाझ, अप्सरा अशी थिएटरं होती. मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. थिएटरांच्या शेजारी रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, स्पीकरचे कोन विकणारी दुकानं. बिघडलेल्या वस्तूतला नेमका बिघडलेला तुकडा तेवढा शोधून बदलायचा, ही सवय या रस्त्याला संगणक यायच्या कितीतरी आधीपासून. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचंही तेच. म्हणून पुढे रॅम आणि हार्ड डिस्क आल्या तेव्हा या बाजारांना नवीन काही शिकावं लागलं नाही. फक्त माल बदलला.

लॅपटॉप मात्र सुरुवातीला या बाजाराला फार भीक घालत नव्हते. १९८५ चा तोशिबा टी११०० हा बाजारात खऱ्या अर्थाने चाललेल्या पहिल्या लॅपटॉपपैकी एक. मेमरी २५६ किलोबाइट, ती ५१२ पर्यंत वाढवता यायची, आणि हार्ड डिस्क मुळात नव्हतीच, सगळा कारभार फ्लॉपीवर. पुढच्या काही वर्षांत प्रत्येक कंपनीने मेमरीचं आपापलं कार्ड काढलं. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसायचं नाही. त्यामुळे ज्याचा लॅपटॉप त्याचीच मेमरी, आणि किंमतही त्याच्याच मनाची.

कोंडी फुटली ती डेस्कटॉपच्या बाजूने. वांग लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीने १९८३ मध्ये सिम म्हणजे चिपा ओळीने लावलेली एक छोटी पट्टी तयार केली. त्याआधी मेमरी वाढवायची म्हणजे एकेक चिप तिच्या बारीक पायांवर दाबून बसवायची, पाय वाकला की कपाळावर हात. १९८७ मध्ये बाजारात नव्या पद्धतीच्या मेमरी चिपांची टंचाई झाली. कॅलिफोर्नियातल्या जॉन टू आणि डेव्हिड सन या दोघांनी सहज मिळणाऱ्या जुन्या चिपा वापरून तशीच चालणारी पट्टी बनवली. किंग्स्टन ही कंपनी त्यातून उभी राहिली. ज्याने यंत्र विकलं त्याच्याकडूनच मेमरी घ्यायला हवी असं नाही, हे गिऱ्हाइकाला कळलं ते अशा कंपन्यांमुळे.

नव्वदच्या दशकात जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली लॅपटॉपसाठी लहान पट्टी सर्वमान्य झाली: सो-डिम. झाकणाचा सुवर्णकाळ इथून सुरू होतो. मेमरीच्या पिढीगणिक पिना बदलत गेल्या: एसडीरॅमला १४४, डीडीआर आणि डीडीआर२ ला २००, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०. त्यातली डीडीआर आणि डीडीआर२ ही जोडी मोठी फसवी. पिना तेवढ्याच, लांबीही तीच, फरक फक्त मधल्या खाचेत, आणि तोही केसभर. जोर लावून चुकीची पट्टी कोंबणारे आणि मग मदरबोर्डच काखोटीला मारून येणारे लोक त्या काळातल्या दुरुस्तीवाल्यांचं हमखास गिऱ्हाईक.

हार्ड डिस्कची वाट त्यामानाने सोपी होती. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली डिस्क आणली ती टनभर वजनाची, २४ इंची पन्नास तबकड्यांची, आणि तिच्यात मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरं. १९८८ मध्ये प्रेअरीटेक नावाच्या कंपनीने अडीच इंची डिस्क काढली, २० एमबीची. कंपनी टिकली नाही, तिचं माप टिकलं. आज जुन्या लॅपटॉपमध्ये बसते ती साटा एसएसडी त्याच अडीच इंचांच्या चौकटीत असते. आत फिरणारं काही नाही, चिपा मावायला एवढी जागाही लागत नाही, तरी बाहेरून आकार तोच, कारण स्क्रूची भोकं जुळायला हवीत.

१९९२ च्या आयबीएम थिंकपॅड ७००सी मध्ये १२० एमबीची डिस्क सहज बाहेर काढता येई. पुढे थिंकपॅड उघडायचे कसे याची सविस्तर पुस्तिकाही आयबीएम लोकांना खुली ठेवायची, कुठला स्क्रू कुठे आणि किती लांबीचा इथपर्यंत. आज हे वाचताना थोडं अविश्वसनीय वाटतं.

भारतात हा धंदा फुलायला धोरणाचा हात लागला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारं किलकिली केली आणि १९९१ नंतर ती आणखी उघडली, पण सीमाशुल्काचा बोजा होताच. ‘बिल हवंय की बिनबिलाचं?’ हा प्रश्न त्या बोजातून जन्मला. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकाच्या सुट्या भागांवरचं शुल्क शून्यावर आलं. चोरट्या मालातला मोठा नफा गेला. राहिला तो हातांच्या कौशल्याचा आणि ओळखीचा धंदा.

या धंद्याची नाडी मात्र कायम दूरच्या कुठल्यातरी गावात. जपानमधल्या निहामा इथे ४ जुलै १९९३ ला सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे मेमरी चिप बनत नव्हती. चिपचं काळं अंग ज्यापासून होतं ते इपॉक्सी रेझिन बनत होतं, आणि जगाच्या पुरवठ्यातला मोठा वाटा या एका कारखान्याचा होता. काही दिवसांत जगभर मेमरीचे भाव भडकले. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडातल्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, शिवाय डिस्कच्या मोटारी बनवणारेही. डिस्कच्या किमती काही आठवड्यांत जवळपास दुपटीवर गेल्या. चाओ फ्राया नदीचं नावही ज्याने ऐकलं नव्हतं त्या कॉलेजच्या पोराला ५०० जीबीच्या डिस्कसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले.

त्या पुराचा एक फायदा मात्र झाला म्हणायचा. डिस्क महागली तशी एसएसडी फार महाग वाटेनाशी झाली. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी नँड फ्लॅश मेमरी १९८७ मध्ये मांडली, पण लॅपटॉपवाल्यांच्या आवाक्यात ती यायला वीसेक वर्षं गेली. इंटेलची ८० जीबीची एसएसडी २००८ मध्ये आली ती ५९५ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सत्तावीस हजार रुपये. त्या पैशात अख्खा लॅपटॉप आला असता.

तरीही ज्याने एकदा ती बसवून पाहिली तो मागे फिरला नाही. कारण साधं आहे. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती माहिती काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्यात काटा सरकायचा वेळ वेगळा. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली शोधाव्या लागतात, आणि दर वेळी हाच खोळंबा. एसएसडीत फिरायचं काही नाही, तिला एका शोधाला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. म्हणून जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर न देताही तो नवा वाटू लागतो. डिस्क काढायची, तिच्या पत्र्याच्या चौकटीचे चार स्क्रू सोडवायचे, एसएसडी त्यात बसवायची. जुन्या डिस्कची जाडी साडेनऊ मिलिमीटर, एसएसडीची सात, म्हणून ती आत खुळखुळू नये यासाठी अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची फ्रेम लावायची. काढलेली डिस्क वाया जात नाही. डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून त्या जागी कॅडी म्हणजे त्याच मापाची चौकट बसवायची आणि डिस्क तिच्यात. हा उद्योग कुठल्या कंपनीने शिकवला नाही, तो बाजाराचा जुगाड.

झाकण बंद व्हायला मात्र त्याच २००८ सालात सुरुवात झाली होती. १५ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. लोकांनी त्याची जाडी पाहिली. त्याची दोन जीबी मेमरी थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे, याकडे फार कोणी पाहिलं नाही. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तीच रीत आली, आणि दुरुस्तीसाठी यंत्रं उघडून गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दहापैकी एक गुण दिला. पाठोपाठ पातळ लॅपटॉप बनवणाऱ्या बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला.

यात निव्वळ लबाडी आहे असं म्हणता येत नाही. कमी विजेवर पळणाऱ्या एलपीडीडीआर मेमरीला प्रोसेसरच्या अगदी शेजारी राहावं लागतं. मधली वाट लांबली, त्यात खाच आणि पिना आल्या, की सिग्नल मळतो. सुटे भाग बदलता येणारे लॅपटॉप हीच जिची ओळख, त्या फ्रेमवर्क कंपनीनेही २०२५ च्या आपल्या डेस्कटॉपमध्ये मेमरी सोल्डर केलेलीच ठेवली, आणि तसं उघड सांगितलं. पण सोळा जीबीचं मॉडेल आणि आठ जीबीचं मॉडेल यांच्या किमतीतला फरक पाहिला, की तांत्रिक कारण कंपन्यांना गैरसोयीचं झालं नाही एवढं तरी कळतं. उलट दिशेचे प्रयत्नही आहेत: डेलने २०२२ मध्ये काढलेल्या कल्पनेवरून स्क्रूने बसणारी सपाट पट्टी मानक झाली, आणि २०२४ मध्ये लेनोव्होच्या एका थिंकपॅडमध्ये ती आलीही. बाजारात मात्र ती अजून मागावी तेव्हा मिळत नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सोल्डर केलेल्या चिपला त्याचा काही उपयोग नाही.

मग २०२५ आलं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची साथ संपली आणि धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी मागणी केली की किरकोळ बाजारात रॅमचे भाव चढतच गेले, निरोप घेत असलेल्या डीडीआर४ चेही. डिसेंबरात मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरी बसून स्वतःच्या हाताने रॅम लावणाऱ्यांची पिढीच्या पिढी या नावावर वाढली होती.

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर झाकण निघालं आहे. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चापांना अंगठ्यांनी बाहेर ढकललं की जुनी पट्टी आपोआप तिरपी उठते. नवीन पट्टीच्या सोनेरी कडेवरून दुकानदार शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवतो, फुंकर मारतो, तिरपी सरकवून खाली दाबतो. ‘खट्’ आवाज येतो. स्क्रीनवर आठ जीबीचा आकडा उमटतो. काढलेल्या दोन जीबीच्या पट्टीचं काय करायचं, असं गिऱ्हाईक विचारतं. ‘राहू द्या इथे,’ म्हणत दुकानदार बिलातून थोडे पैसे कमी करतो आणि पट्टी ड्रॉवरमधल्या इतर पट्ट्यांवर ठेवतो. तिथे खाचेच्या जागेनुसार त्यांचे वेगवेगळे गठ्ठे रबरबँडने बांधून ठेवलेले असतात.