हयगय, हलगर्जी की बेदरकारी?

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या हापिसात एक सर्व्हर भर रात्री बसला. चौकशीत कळलं की डिस्क भरत आल्याचा अलर्ट तीन आठवड्यांपूर्वीच कुणीतरी बंद करून ठेवला होता, सारखा वाजतो म्हणून. तो कुणीतरी म्हणजे मीच! रिपोर्ट लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. रिपोर्ट इंग्रजीत, पण डोक्यात मराठीच चालू होतं: दुर्लक्ष म्हणू, हयगय म्हणू, की सरळ हलगर्जीपणा? शनिवारी याच शब्दांच्या मागे लागलो आणि थेट भोपाळला जाऊन पोचलो.

आपल्याकडे या खानदानात शब्दांची कमी नाही. दुर्लक्ष म्हणजे लक्ष गेलं नाही, बस. गाफील माणसाला धोका आहे हेच ठाऊक नसतं. हयगय करणाऱ्याला काय करायचं ते माहीत असतं, पण "आज नाही केलं तर काय बिघडतंय" असं वाटत असतं. कुचराई म्हणजे अंग राखून काम. आणि बेदरकार? त्याला धोका समोर दिसतो, तरी पर्वा नसते. अपघाताच्या बातमीत "हयगयीने, अविचाराने, बेदरकारपणे गाडी चालवून" असं एका दमात लिहिलेलं आपण वाचतो. ही भाषा कायद्यातून आलेली आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची, पण अविचाराने किंवा हयगयीने मृत्यूला कारण होण्याचं कलम, ३०४-अ, त्यात १८७० साली घातलं गेलं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं.

आता भोपाळ. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-६१० या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं, चाळीसेक टन. त्यात पाणी शिरलं. हा द्रव थंड ठेवायचा असतो, पण शीतकरणाची यंत्रणा त्याच वर्षीच्या जूनपासून बंद होती. निसटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर पाईप दुरुस्तीसाठी काढल्यामुळे निकामी. वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून निघत होता तिथवर ते पोचेनात.

यातलं विसरून काय झालं होतं, सांगा? शीतकरण आपोआप बंद पडत नाही, कुणीतरी बसून ते ठरवतं. शिवाय १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन पथकाने इथली सुरक्षा तपासून त्रुटी लिहून दिल्या होत्या, आणि त्याच वर्षी राजकुमार केसवानी हा पत्रकार भोपाळमध्ये छापून सांगत होता की हे शहर ज्वालामुखीवर बसलंय. म्हणजे गाफील हा शब्द इथे बसतच नाही.

त्या रात्री वास आल्यावर कामगारांनी "चहानंतर बघू" म्हटलं, ही गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ असते. ती खरी चालढकल, मान्य. पण चहाची गोष्ट सांगायला सोपी असते, शीतकरण बंद करण्याच्या निर्णयाची नसते. (आमच्याकडेही "रात्री ड्यूटीवर कोण होतं" हाच पहिला प्रश्न होता.)

सीबीआयने सदोष मनुष्यवधाचं कलम, ३०४ भाग दोन, लावलं होतं. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते, पण आपल्या कृत्याने माणसं मरू शकतात याची आरोपीला जाणीव होती हे दाखवावं लागतं. सप्टेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की तशी जाणीव पुराव्यातून दिसत नाही, फार तर हयगय दिसते. खटला ३०४-अ वर आला. तोवर बारा वर्षं गेली होती, अजून चौदा जायची होती. ७ जून २०१० ला निकाल लागला: कंपनीचे अध्यक्ष केशुब महिंद्रा यांच्यापासून प्रॉडक्शन असिस्टंटपर्यंत सात जणांना प्रत्येकी दोन वर्षं आणि जामीन त्याच दिवशी. अध्यक्ष आणि असिस्टंट, दोघांना एकच शब्द! मृतांचा आकडा मध्य प्रदेश सरकारच्या हिशेबाने ३,७८७, पीडितांच्या संघटनांच्या मते त्याच्या कितीतरी पट. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला आलेच नाहीत, २०१४ मध्ये वारले. कलम पुन्हा बदला म्हणून सीबीआय कोर्टात गेली, मे २०११ मध्ये तीही याचिका फेटाळली गेली.

माझ्या मते कोर्टाने "त्या रात्री काय माहीत होतं" हे पाहिलं, आणि पाहायला हवं होतं ते जूनपासूनचं. मी वकील नाही, चुकत असेन तर सांगा. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत हे कलम १०६ झालं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. जुन्या गुन्ह्यांना अर्थातच ती लागू नाही.

असो. रिपोर्टात "अलर्टकडे दुर्लक्ष झाले" असं वाक्य होतं. सोमवारी ते खोडून "अलर्ट मी बंद केला" असं लिहिलं.