मांजर, उंदीर आणि १९५७ साल

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही जोडी १९४० पासून मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या कार्टून विभागात एका मांजराला एका उंदरामागे धाववीत होती. टॉम आणि जेरीने त्या कंपनीला ७ ऑस्कर मिळवून दिले. त्याच विभागावर १९५७ मध्ये कुऱ्हाड पडली, तीही एका दूरध्वनीसरशी! नवल खरे, पण त्याहून मोठे नवल त्यामागच्या हिशेबाचे. सात मिनिटांच्या पटासाठी हजारो चित्रे हाताने काढायची, रंगवायची. खर्च ४०-५० हजार डॉलर. आणि जुनाच पट पुन्हा लावला, तरी नव्याच्या सुमारे ९० टक्के पैसे येतात, असे कचेरीने मांडले. प्रेक्षकाला काय, मांजर आपटले की हसू येते. मग ते कधी का आपटलेले असेना! चित्रकारांच्या जुन्या कामानेच त्यांची नोकरी खाल्ली. ते काम जरा वाईट असते तर बिचारे टिकले असते, असे म्हणण्याचा मोह होतो.

हॅना-बार्बेरांनी त्याच वर्षी स्वतःची संस्था काढून टेलिव्हिजनचे दार ठोठावले. तेथे पाच मिनिटांना तीन हजार डॉलरही मिळेनात. मग चित्रांना कात्री लागली. अंग स्थिर, तोंड तेवढे हलते. डिसेंबरमध्ये त्यांची ‘रफ अँड रेडी’ मालिका सुरू झाली. पात्रे एक मांजर आणि एक कुत्रा. धावणे थोडे, बोलणे फार.