वाजतगाजत होणारा गुन्हा

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळ्या पहाडापासून गुरुनाथ नाईकांच्या नायकांपर्यंत मराठी रहस्यकथेने वाचकाला एक सवय लावून ठेवली आहे. गुन्हा अंधारात होतो, ही ती सवय. मुलगी नाहीशी होते, टोळी कुठल्याशा गोदामात दबा धरून असते, पोलीस भलत्याच दिशेला गेलेले असतात आणि एखादा खासगी गुप्तहेर धागा धागा जुळवत शेवटच्या प्रकरणात दार फोडतो. मानवी तस्करीवरच्या आजच्या थरारपटांचा सांगाडाही बहुधा हाच असतो. कागलच्या परिसराचा इतिहास मात्र या सांगाड्यात बसत नाही. इथल्या मुली ज्या वाटेने बाजारात गेल्या, ती वाट भर दिवसा, चौंडक्याच्या ठेक्यावर, भंडारा उधळत, आईबाप आणि भावकी यांच्या साक्षीने सुरू झाली. हरवलेल्या मुलीचा माग काढायला गुप्तहेर लागतो. गावजेवण घालून देवीला दिलेली मुलगी हरवली, असे कुणी म्हणतच नाही. या टापूतले कायदे शंभर वर्षे लंगडत राहिले त्याचे मोठे कारण मला इथे दिसते. कायदा लपलेला गुन्हेगार शोधत होता आणि गुन्हा मांडवाखाली चालला होता.

प्रथेचा क्रम या भागातल्या कुणालाही नवा नाही. मुलीच्या केसांत जट दिसली, घरात मुलगा झाला नाही, अंगावर खरूज उठली, एखादा नवस फिटायचा राहिला, की सौंदत्तीच्या यल्लम्माने मागणे केले असे ठरायचे. लाल-पांढऱ्या मोत्यांचे दर्शन गळ्यात बांधले की मुलगी जोगतीण झाली. परडी घेऊन जोगवा मागायचा, डोक्यावर देवीचा जग घ्यायचा, आणि वयात आली की झुलवा लागायचा, म्हणजे एखादा पैसेवाला पुरुष तिला ठेवायचा. त्याची हौस किंवा पैसा सरला की दुसरा यायचा. त्याही पुढची वाट मिरजेची, पुण्याची, मुंबईची असायची. १८९१ मध्ये कोल्हापुरास रेल्वे आली आणि ती वाट आणखी सोपी झाली. या साखळीतल्या पहिल्या दोन पायऱ्यांवर कुणीही कुणाला पळवून नेत नव्हते. त्या मुली बहुतेक दलित आणि भूमिहीन घरांतल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. ज्या घराला देवीचा कोप परवडत नाही, त्याच घराला मुलीचे लग्नही परवडत नव्हते.

नकाशा पाहिला म्हणजे कागलचे या कथेतले स्थान कळते. पुणे-बेंगळूरू महामार्गावर कोल्हापूर मागे पडले की कागल, आणि दूधगंगा ओलांडून थोडे पुढे गेले की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. संस्थानी काळात ही गुंतागुंत याहून जास्त होती. कागल ही कोल्हापूर संस्थानातली घाटग्यांची जहागीर होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच घाटगे घराण्यातला. पलीकडची निपाणी-चिकोडी आणि खुद्द सौंदत्ती ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात होती, आणि अधूनमधून सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी यांचे तुकडे पसरलेले होते. मुलगी राहायची एका राजवटीत, मोती बांधले जायचे दुसरीत आणि धंद्याला लावली जायची तिसरीत. १९२० च्या जानेवारीत शाहू महाराजांनी जोगतिणींसंबंधी कायदा केला. त्याचा हुकूम सौंदत्तीच्या डोंगरावर चालत नव्हता. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा करून मुली वाहण्याचा विधी बेकायदा ठरवला, तेव्हा सौंदत्ती त्याच्या कक्षेत आली, पण कागलातल्या ज्या घरातून मुलगी निघाली ते घर संस्थानात राहिले. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि दूधगंगेपलीकडे पुन्हा हद्द पडली. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आणला. महाराष्ट्राचा तसा कायदा यायला २००५ साल उजाडले. नदीच्या एका काठावर नवा कायदा आणि दुसऱ्या काठावर जुना, अशी २३ वर्षे गेली.

तर मग हद्दच दोषी, असे कुणी म्हणेल. हा युक्तिवाद मोहक आहे आणि अपुरा आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हापासून १९५६ पर्यंतची साडेसात-पावणेआठ वर्षे कागल, निपाणी आणि सौंदत्ती एकाच राज्यात, एकाच पोलीस खात्याखाली होती. हद्द हेच मूळ असते तर या काळात प्रथेचा कणा मोडायला हवा होता. तो मोडला नाही. कारण पुरावा द्यायचा कुणी? १८६० च्या भारतीय दंडसंहितेतच कलम ३७२ आणि ३७३ होती. अज्ञान मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे तेव्हापासून आहेत. पण या कलमांखाली विक्रीमागचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि इथे विकणारा म्हणतो, मी देवीला दिली. घेणारा म्हणतो, मी तिचा सांभाळ करतो. साक्षीदार म्हणून जे उभे करावेत ते सगळे पंगतीला जेवलेले. अशा खटल्यात अर्नाळकरांचे धनंजय-छोटू येऊनही काय उजेड पाडणार? कारण जे शोधायचे ते सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

शाहू महाराजांच्या १९२० च्या कायद्याकडे या अंगाने पाहिले म्हणजे त्यातली चतुराई लक्षात येते. त्याचा रोख अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्काकडे होता. आजच्या वाचकाला हे किरकोळ, दप्तरी वाटेल. पण मुलगी देवीची झाली म्हणजे घराची उरली नाही, या समजुतीवरच पुढचा सगळा व्यवहार उभा होता. तिला घरातला वाटा आहे असे म्हणणे म्हणजे ती घराचीच आहे असे म्हणणे. आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदाही महाराजांनी केला होता, म्हणजे छळ हा घरातही गुन्हा ठरतो हे त्यांनी मान्य केलेच होते. आणि जोगतिणींच्या कायद्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतल्याच माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली, तिथे महाराजांनी डॉ. आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले. जातीचा प्रश्न आणि जोगतिणीचा प्रश्न एकाच गाठीतले आहेत हे दोघांनाही कळत होते. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकर पोतराज, देवदासी आणि जोगतिणींच्या सभेत बोलले, ते या गाठीविषयीच.

आता खरा आक्षेप. दलाल नव्हतेच का? होते. १९१७ मध्ये मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाच्या बाईचा छळ करून खून झाला. त्या खटल्यातल्या साक्षींतून कोंडून ठेवलेल्या, न फिटणाऱ्या कर्जात अडकवलेल्या बायकांचे जग शहरासमोर आले. त्यानंतर मुंबई सरकारने समिती नेमली आणि १९२३ मध्ये कायदा आला, त्याचा रोख दलाल आणि कुंटणखाने चालवणारे यांच्यावर होता. तिथे बंद दार होते, कडी होती, आणि ती तोडणारा माणूस हवाच होता. पोलिसांचे किंवा कुणाही तपास करणाऱ्याचे ते काम मी कमी लेखत नाही. पण दलालाकडे माल पोहोचतो कुठून, हे विचारले की आपण पुन्हा दूधगंगेच्या काठी येतो. घराने आधीच सोडलेली, जिच्या नावाने कुणी फिर्याद देणार नाही अशी मुलगी दलालाला आयती मिळत होती. एक दलाल पकडला तर दुसरा येतो. मुलगी सोडणारे घर राहते तिथेच.

दुसरा आक्षेप धार्मिक बाजूने येतो: जोगतिणीला मान होता, ती नित्यसुवासिनी, लग्नकार्यात तिला पहिले पान. हा मान खोटा नव्हता हे कबूल करावे. पण मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिच्या बांगड्या फोडल्या जात, आणि ज्या पुरुषाने झुलवा लावला त्याच्या घरात तिच्या पोरांना नाव मिळत नसे. पहिले पान वाढणारा मांडव तिचे वय विचारत नव्हता, एवढ्याने माझ्या मते वाद मिटतो.

तिसरा आक्षेप जास्त अवघड, आणि तो या व्यवसायातल्या बायकांनी स्वतः घेतला आहे. २००५ च्या मे महिन्यात सांगलीच्या गोकुळनगरातल्या वेश्यावस्तीत एका अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांची धाड पडली. रहस्यकथेला शोभेल असाच प्रसंग: बाहेरून आलेले तपास करणारे, गुप्त माहिती, अज्ञान मुलींची सुटका. सांगलीत १९९० च्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या बायकांत काम करणाऱ्या संग्राम आणि व्हॅम्प या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. नेलेल्यांत सज्ञान बायका होत्या, आणि त्यांना कुणी विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अज्ञान मुलीची सुटका आणि सज्ञान बाईची उचलबांगडी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही सज्ञान आणि स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या स्त्रियांना पोलिसांनी त्रास देऊ नये असे बजावले. दार फोडणाऱ्याला आत काय दिसेल हे त्याने आधीच ठरवलेले असते, ही या प्रकारच्या तपासाची जुनी खोड. कायद्याचेही याबाबत गमतीदार मौन आहे: खासगी गुप्तहेरांचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

खासगी माणसांनी या प्रश्नाला हात घातला नाही असे मुळीच नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’मधून खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्यांचा प्रश्न मांडत होते. मूळचे जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे मुरळीच्या चालीविरुद्ध झटले. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, ती डॉ. बाबा आढावांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने, आणि तिचे लोण सीमेपलीकडे निपाणीपर्यंत गेले. तिथे तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांत जोगतिणी होत्याच. या माणसांचे काम गुप्तहेराच्या कामासारखे कुठेच दिसत नाही. घरोघर जाणे, नावे लिहून घेणे, जट कापायला घरच्यांना राजी करणे, पोरांना शाळेत घालताना बापाच्या नावाचा रकाना कसा भरायचा यावर भांडणे, निवृत्तिवेतनासाठी तहसील कचेरीत खेटे घालणे. थरार शून्य. पण मुलगी घराची आहे, हे १९२० मध्ये कागदावर आले, ते उंबऱ्यापर्यंत नेले ते या कामाने.

मानवी तस्करीवरची थरारकथा आवडीने वाचणाऱ्या कागलकराने एक करावे. शेजारच्या गडहिंग्लज भागातल्या राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या दोन कादंबऱ्या वाचनालयातून आणून वाचाव्यात. पहिली जोगतिणीची आहे आणि दुसरी जोगत्याची. त्यांत गुप्तहेर नाही.