येरळेकांठचा हिशोब

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत नेर येथें एक तलाव आहे. १८७६ च्या दुष्काळांत भुकेल्या लोकांस काम मिळावें म्हणून सरकारनें तो येरळा नदीवर बांधावयास घेतला. त्याच सुमारास माण नदीवर म्हसवडचा मोठा तलाव हातीं घेण्यांत आला. राजेवाडीचा तलाव म्हणतात तो हाच, व सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर तो पसरला आहे. असल्या कामांवर किती माणसें राबलीं व किती रुपये खर्च झाले, याची नोंद ठेवण्यांत सरकारी दप्तर कधीं चुकत नाहीं. परंतु त्या कामांनीं माणसें जगलीं कीं नाहीं, व जगलीं तीं कोणत्या अवस्थेंत, हा प्रश्न दप्तर आपण होऊन विचारीत नाहीं. तो बाहेरच्यांस विचारावा लागतो. लोकहिताच्या योजनांची पारख कशी करावी, या विषयावर हल्लीं देशोदेशींच्या संस्था मोठमोठे अहवाल काढीत असतात. त्या विषयाचा आमच्या मुलखांतील इतिहास या दुष्काळापासून धरावा, असें मला वाटतें.

१८७७ च्या जानेवारींत मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवरची मजुरी उतरविण्यांत आली. सर रिचर्ड टेंपल यांच्या मतें धडधाकट पुरुषास रोज एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढें पुरेसें होतें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं यावर वैद्यकशास्त्राच्या आधारें कडक हरकत घेतली. आमच्याकडे तर हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली आणि दुष्काळाचीं निवेदनें एकामागून एक सरकारकडे धाडलीं. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी हे जन्मानें सातारचेच. सभेचीं माणसें या वादांत तटस्थ नव्हतीं, असा आक्षेप कोणी घेईल; पण कलेक्टर तरी कोठें तटस्थ होता? ज्यानें काम चालवावयाचें त्यानेंच तें कसें चाललें याचा दाखला द्यावयाचा, ही रीत सभेनें प्रथम मोडली, एवढें तिचें श्रेय निर्विवाद आहे.

तथापि निवेदन म्हणजे पारख नव्हे. पारखेस तुलना लागते. ती शास्त्रशुद्ध रीतीनें करण्याचा मोठा प्रयत्न पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांनीं केला. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा त्यांचा अहवाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कालव्याखालच्या गांवीं ऊंस डोलतो हें कोणासही दिसतें. कालवा नसता तर तेथें काय असतें, हें मात्र पाटबंधाऱ्याच्या कचेरींत बसून कळत नाहीं. त्यासाठीं शेजारच्या कोरडवाहू मुलखाकडे पाहावें लागतें. ही साधी गोष्ट ध्यानांत येण्यास आम्हांस सुमारें सत्तर वर्षें लागलीं.

पुढें १९५२ सालीं सामुदायिक विकासाची योजना सुरू झाली. तिला अमेरिकेचें साह्य होतें, व योजनेबरोबरच तिच्या मूल्यमापनासाठीं योजना आयोगाच्या आश्रयाखालीं एक स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तिचे पहिले संचालक प्रा. द. गो. कर्वे. योजना राबविणारे अधिकारी वेगळे आणि ती तपासणारे वेगळे, ही व्यवस्था येथें १९५२ मध्यें झाली; जागतिक बँकेनें आपला मूल्यमापन विभाग काढला तो १९७० सालीं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. या परंपरेंतील सर्वांत परखड काम माझ्या मतें १९५७ सालचें. सातारा येथें जन्मलेले वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदनपूर यांनीं मुंबई राज्यांतील कूळकायद्याच्या अंमलबजावणीची गांवोगांव चौकशी केली. संरक्षण दिलेलीं कुळें कायद्यानंतरही जमिनी सोडीत होतीं व बदललीं जात होतीं, जणूं कायदा झालाच नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कायदा करणाऱ्यांस तो रुचला नसेल हें उघड आहे.

आतां पुन्हां येरळेच्या खोऱ्यांत येऊं. खानापूर व तासगांव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. त्या वर्षीं दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापति. मागेल त्यास काम द्यावें व तें हक्क म्हणून द्यावें, हा त्यांचा ध्यास. १९६९ मध्यें विसापूर व भोवतालच्या गांवीं प्रयोग झाला, १९७२ मध्यें योजना राज्यभर नेण्याचें ठरलें, आणि लगेच जो भीषण दुष्काळ आला त्यांत १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसें होतीं. रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला.

या योजनेची जितकी पारख झाली तितकी हिंदुस्थानांतील दुसऱ्या कोणत्याही योजनेची क्वचितच झाली असेल. केंद्राच्या मूल्यमापन संघटनेनें राज्याच्या सांख्यिकी खात्याबरोबर पाहणी केली. कुमुदिनी दांडेकर यांनीं स्त्रियांच्या दृष्टीनें या कामाचा अभ्यास केला. पण बहुतेक आंकड्यांचें मूळ एकच: कामावरचा हजेरीपट. हजेरीपटावर जो आला तो लागतो. जो आला आणि ‘काम नाहीं’ म्हणून परत गेला त्याची ओळ त्यावर नसते. कायद्यानें काम न मिळाल्यास रोज एक रुपया भत्ता ठेविला होता, पण तो मागण्यास अर्जाची नोंद हवी, व नोंद करणारा तोच कारकून. त्यामुळें भत्ता फारसा वांटला गेला नाहीं, आणि भत्ता वांटला गेला नाहीं म्हणून मागणी पुरी झाली असें कागदावर सिद्ध झालें!

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. खडी फोडून मजुरास चार रुपये मिळाले, तर त्याचा लाभ चार रुपयांचा धरावा काय? तो त्या दिवशीं दुसऱ्याच्या रानांत गेला असता तर एखादा रुपया मिळालाच असता; तो वजा केला पाहिजे. मार्टिन रॅव्हालियन व गौरव दत्त या जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं सोलापूरकडील शिरापूर व अकोल्याकडील कानझरा या दोन गांवांच्या वर्षानुवर्षांच्या टिपणांवरून हा हिशोब मांडला. बुडालेली मिळकत एकूण मजुरीच्या सुमारें चतुर्थांश निघाली. म्हणजे लाभ खराच होता. त्याच मंडळींनीं याआधीं १९८८ ची मजुरीवाढ तपासली होती. मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढावयाचे, तर मिळणारें कामच आंखडलें. हमी कागदोपत्रीं तशीच राहिली. हजेरीपट जें सांगत नव्हता तें अशा रीतीनें बाहेरच्यांस कळलें. २००६ मध्यें परदेशांतील एका अभ्यासगटानें विकासाच्या कामांवर अपार पैसा खर्चूनही त्यांचा खरा परिणाम क्वचितच मोजला जातो, अशी तक्रार केली. तिच्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेंत विसापूरचें नांव मीं तरी कोठें वाचलें नाहीं.

पण सर्वांत मार्मिक प्रश्न कोणा अर्थशास्त्रज्ञानें विचारला नाहीं. १९८२ च्या गिरणीसंपानंतर मुंबईहून खानापूर तालुक्यांत परतलेले कामगार व तेथील शेतकरी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होते. त्यांनीं विचारलें, हें काम दुष्काळ हटविण्यासाठीं आहे ना? मग इतकीं वर्षें खडी फोडून आमचा दुष्काळ कमी कां झाला नाहीं? डॉ. भारत पाटणकर प्रभृतींच्या मुक्ति संघर्ष चळवळीनें या प्रश्नाची तड लावण्यासाठीं पिकांची, पाण्याची व विहिरींची माहिती गांवकऱ्यांकडूनच जमविली, जाणकार शास्त्रज्ञांस बोलाविलें, आणि १९८५ मध्यें विटें येथें दुष्काळ निर्मूलन परिषद भरविली. आंकडे गोळा करणारा व ज्याच्याविषयीं ते गोळा करावयाचे तो, हे दोघे येथें एकच होते. त्यांच्या तपासांत ठेकेदारांकडून होणारा येरळेंतील वाळूचा उपसाही आला. वाळू गेली कीं कांठच्या विहिरींचें पाणी खालीं जातें, हें त्यांस पाहणीची वाट न पाहतां ठाऊक होतें.

पुढें बलवडी व तांदूळवाडी येथील लोकांनीं ठेकेदारांस हटवून थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशांतून व श्रमदानांतून नदीवर बळिराजा स्मृति धरण उभारलें. १९९० च्या सुमारास तें पुरें झालें. नेरच्या तलावापासून खालीं त्याच नदीवर तें आहे. पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या मानानें द्यावें, व ज्यास जमीन नाहीं त्याचाही त्यांत वांटा असावा, असें तेथें ठरलें.