नायक, बुवा आणि प्राध्यापक

गोंधळाला उभे राहण्याआधी चौक मांडला जातो. चौरंगावर नवा खण, त्यावर तांदळाची रास, कलश, नारळ आणि देवीचा टाक. दिवटी पेटते, संबळ वाजू लागतो आणि नायक ठिकठिकाणच्या देवदेवतांना गोंधळाला बोलावतो. मग आख्यान लागते. नायक कथा सांगतो आणि साथीदार मध्येच भाबडा किंवा खट्याळ प्रश्न विचारून त्याला अडवतो. त्या प्रश्नामुळे कथा पुढे सरकते, बसलेली मंडळी हसतात आणि नायकाला क्षणभर दमही खाता येतो. राजा, राणी, सासू, सावकार असे कथेत जो येईल त्याचे सोंग हे दोघे उभ्या उभ्या वठवतात. मागे तुणतुणे धरून उभा असलेला पोरगा हे सारे रात्रभर पाहतो. त्याची तीच शाळा. काही वर्षांनी साथीदाराची जागा त्याच्याकडे येते, आणि पुढे अंगात कस असेल तर नायकाचीही.

धाराशिव जिल्ह्यात अभिनय शिकवणारा आणि अभिनयावर पोट भरणारा माणूस अशा रीतीने एकच असे. तुळजाभवानीचे उपासक गोंधळी स्वतःला कदमराई म्हणवतात, तर माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. परंपरा किती जुनी, याचा धागा जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगेच सापडतो. उमरग्याच्या पुढे कर्नाटकात बसवकल्याण लागते. ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गोंडली नृत्याचा उल्लेख येतो आणि अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात.

जिल्ह्यात अशा शाळा आणखीही होत्या. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती वर्षातून आलटून-पालटून मुक्कामाला असते. खंडोबाचे जागरण म्हणजे वाघ्या-मुरळीचा रंगमंच. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव, त्यामुळे कीर्तनाची परंपराही इथे घट्ट. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात तेव्हा तो एकपात्री प्रयोगच असतो. आवाज बदलतो, चाल बदलते आणि खांद्यावरचे उपरणे घटकेत पदर होते, घटकेत पगडी.

यातल्या कोणालाही शिकवण्याचा पगार नव्हता. पैसा यायचा तो प्रयोगाचा. यजमानाने दिलेली बिदागी, धान्य, लुगडे-धोतर, आरतीच्या ताटातली नाणी. शिकवणे त्यातच भागायचे, कारण पोरगा वाढला की फडाला एक हात मिळत असे. म्हणून विद्याही बहुधा घरातल्या किंवा जातीतल्या पोरालाच मिळायची. बाहेरच्याला ती मिळण्याची सोय नव्हती.

सोय करू शकले असते ते सरकार. पण १९४८ पर्यंत धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मुंबई-पुण्यात नाटक कंपन्या भरभराटीला आल्या, तेव्हा इथल्या मराठी पोराला त्या वाटेवर नेणारी संस्था जवळपास नव्हती. संस्थान विलीन झाले आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. उस्मानाबाद जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात आला.

सत्तरच्या दशकात या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. त्याची घडी बसवणारे कमलाकर सोनटक्के दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले. मराठवाड्यातल्या खेड्यातला विद्यार्थी आता नाटक हा विषय घेऊन पदवी मिळवू शकत होता, आणि त्यासाठी गोंधळ्याच्या घरात जन्म घ्यायची गरज उरली नाही. गोंधळ, भारूड, कीर्तन ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले, तो मुलगा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की आणि ‘नाट्यशास्त्र’कार भरतमुनी एकाच वेळापत्रकात शिकू लागला.

पुढे या विभागाचे प्रमुख झालेले डॉ. लक्ष्मण देशपांडे स्वतः रंगमंचावर उभे राहणारे नट होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लिहिले, बसवले आणि एकट्यानेच सादर केले. खेड्यातले वऱ्हाड विमानाने विलायतेला निघते, एवढीच गोष्ट. पण सुमारे ३ तासांत ते ५२ पात्रे उभी करत. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हाताशी फक्त उपरणे. मराठवाडी बोली शहरी नाटकात तोवर बहुतेक नोकराच्या नाहीतर गावंढळाच्या तोंडी येई. इथे अख्खे नाटक तिच्या जोरावर चालले. प्रयोग हजारांत गेले, परदेशांतही झाले आणि गिनीज बुकातही नोंद झाली.

या प्रयोगात कीर्तनकाराची उत्तररंगातली हातोटी दिसते आणि नायक-साथीदाराची जुगलबंदी एकाच गळ्यातून ऐकू येते. पैशाचा हिशेब मात्र जुन्याच्या नेमका उलटा. नायकाचा प्रयोग त्याच्या शिकवणीला पोसत होता; प्राध्यापकाच्या डोक्यावर शिकवणीच्या पगाराचे छत्र होते. प्रयोगाला चार माणसे आली तरी महिनाअखेरीची चिंता नाही. मुंबईत बिऱ्हाड न करता व्यावसायिक नट होता येते, हे मराठवाड्याला अशा नोकरीमुळे पाहायला मिळाले.

ही वाट पुढे रुंद झाली. शेजारच्या बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे भारुडाच्या घरातून आले, मुंबई विद्यापीठात त्यांनी नाट्यशिक्षण दिले आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. सतीश आळेकरांनी १९९६ ते २००९ पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र सांभाळले. पडद्यावरही ते चरित्र अभिनेता म्हणून दिसले.

देशपांडे २००९ मध्ये गेले. त्यांचे वऱ्हाड आता माजलगावचे संदीप पाठक नेतात. ते सिनेमा-नाटकांवर उभे असलेले पूर्णवेळ नट, म्हणजे पुन्हा बिदागीचाच हिशेब. 

मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आज धाराशिव शहरातच आहे. युवक महोत्सवात पोरेपोरी भारूड, पोवाडा, लोकनाट्य करतात. पण विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर सहसा पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. चार पिढ्यांचा गोंधळ ज्याच्या अंगात भिनला आहे, असा तुळजापूरचा नायक फार तर एका दिवसाच्या कार्यशाळेला बोलावला जातो. मानधन घेतो, पावतीवर सही करतो आणि संध्याकाळच्या सुपारीसाठी एसटी पकडतो.