पाण्याखालच्या इयत्ता

वर्ध्याहून समुद्र शेकडो मैल दूर. पवनारच्या धाम नदीत हातपाय मारायला शिकलेल्या मास्तराने पाणबुड्यांच्या इतिहासावर लिहावे, हे वाचकांना जरा अजबच वाटेल. परंतु चाळिशी उलटल्यावर मालवणजवळ तारकर्लीला मी ती विद्या शिकू लागलो आणि सुटीसुटीला थोडीथोडी शिकतो आहे. तेव्हापासून हा इतिहास मला केवळ यंत्रांचा वाटत नाही. माणूस स्वतःची ताकद खरेपणाने मोजायला कसा शिकला, त्याचा तो इतिहास आहे.

समुद्रात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. एकोणिसाव्या शतकात तांब्याचे शिरस्त्राण आले, वरून नळीने हवा मिळू लागली आणि माणूस खोल उतरू लागला. पण वर येताच कुणाचे सांधे धरत, कुणाचे अंग लुळे पडे, कित्येक दगावत. कारण दाबाखाली हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. गोळीच्या सोड्याची बाटली फोडल्यावर दिसते तेच!

यावर उपाय काढला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. बोकडशेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली त्यांनी कोष्टके प्रसिद्ध केली : किती खोल, किती वेळ, वर येताना कोठे किती थांबावे. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःच्याच देहावर दाबाचे प्रयोग केले आणि त्यांत पाठीचा मणका दुखावून घेतला. हेच गृहस्थ पुढे १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेव्हा, हव्या त्या दाबाची हवा देणारे यंत्र सिद्ध केले. हौशी माणसाला समुद्र मोकळा झाला. मात्र यंत्र श्वास देते, विवेक देत नाही. म्हणून पुढे इयत्ता ठरल्या : नवशिक्याला १८ मीटर, पुढच्या शिक्षणानंतर ३०, आणि हौसेची शेवटची हद्द ४०. शिवाय प्रत्येकाने नोंदवही ठेवायची.

माझ्या वहीची पहिली पाने वाचण्यासारखी आहेत. सोबत्याची हवा अर्धी उरलेली असे, तेव्हा माझी संपत आलेली असे. हळूहळू श्वास संथ झाला, हातांची धडपड थांबली. आता आम्ही दोघे जवळजवळ बरोबरच वर येतो. एका खोलीवर स्थिर तरंगणे मात्र अजून कच्चे आहे, आणि त्यापुढे मी 'साधारण' असाच शेरा लिहितो. परवानगी १८ मीटरांची असली तरी पाणी गढूळ असेल किंवा प्रवाह जोराचा असेल, तर १२ वरच थांबतो.

वर्गात दोन गुण वाढवून पोराला वरच्या इयत्तेत ढकलता येते, आणि आईबाप पेढे वाटतात. समुद्राजवळ वाढीव गुण नाहीत. तिथे परीक्षकही आपणच आणि परीक्षार्थीही आपणच. खोटा शेरा लिहिला तर त्याचा दंड भरणाराही आपणच, आणि कधीकधी शेजारचा सोबतीसुद्धा.

या दिवाळीच्या सुटीत पुन्हा तारकर्लीला निघालो आहे. नवी खोली गाठायची नाही. स्थिर तरंगायचे, एवढाच अभ्यास आहे.