हिरण्यकेशीच्या गुहेतलं पाणी



महाशिवरात्रीला हिरण्यकेशीला जाऊन आलो. पाऊस थांबून चार महिने झाले, आमच्या शेताकडचे ओहोळ आटले, पण गुहेतून कुंडात येणारी धार चालूच आहे.

आमची म्हातारी माणसं सांगायची, हिरण्यकेशी म्हणजे पार्वती, सोन्यासारख्या केसांची. गुहेच्या आत आणखी गुहा आहेत, पुढे जायचं नाही, पाणी बाटवायचं नाही.

आता शेतकऱ्याच्या नजरेने बघा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सड्यावरचा जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. खाली घट्ट थर लागला की ते आडवं सरकतं आणि कपारीतून झऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणजे डोक्यावरचा सडा हीच या झऱ्याची टाकी.

इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरातून बेळगावला जाणारा रस्ता इथून गेला आणि आंबोली मुक्कामाचं ठिकाण झालं. पण पाण्याची वाट त्याहून जुनी. घाटातल्या धबधब्याचं पाणी अरबी समुद्राला जातं. हिरण्यकेशी मात्र उलटी, पूर्वेला. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला.

तरुणपणी मी उसावर तणनाशक मारून पंप नदीच्या ओहोळात धुतला होता. बाबांनी बघितलं. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "झिला, ह्या पाणी खाल आजऱ्यातली माणसा पितत." त्या दिवसापासून पंप शेतातच, पडीक कोपऱ्यात धुतो.

२०२० मध्ये संशोधकांनी इथल्या पाण्यातला एक लहान मासा जगासमोर आणला. नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र जेमतेम २.११ हेक्टर, आपल्या पाच एकरांएवढं. तो मासा टिकला तो जुन्या माणसांच्या धाकामुळेच, असं मला वाटतं. देवाच्या कुंडात कुणी गळ टाकला नाही, की विष ओतलं नाही.

पण कागदावर राखलेत ते पाच एकर. पाणी मुरतं ते वरच्या सड्यावर. तिथला जांभा फोडला, झाडोरा काढला, तर खाली देव असून काय उपयोग?

तुमच्या गावच्या झऱ्याचं पाणी कुठून मुरतं? एकदा वर चढून बघा, आणि खाली जरूर लिहा.